फेरीबोट कापली तेव्हा : एका छोट्या खेळाचे प्रकरण

आमच्या व्हिडिओ गेममध्ये एक पोस्टमन आहे. त्याची सायकल, खाकी पिशवी, पावसाळ्यातले तीन दिवस आणि नदीच्या मधोमध एक बेट, एवढेच भांडवल. पत्रे ज्याची त्याला पोहोचवायची आणि तीही कोरडी. आम्ही चौघे डिचोलीत एका दुकानावरच्या खोलीत बसून हा खेळ करतो. दोघे प्रोग्रामिंग बघतात, एक मैत्रीण चित्रे आणि मॉडेले करते. कथा, संवाद आणि खेळात काय ठेवायचे, काय नाही याचा हिशेब माझ्याकडे असतो. खेळ बांधायचे सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, गोडॉट; वस्तूंची मॉडेले करायला ब्लेंडर. दोन्ही फुकट मिळतात, म्हणूनच हा उद्योग आम्हाला झेपला.

गेल्या पावसाळ्यात या खेळातून आम्ही फेरीबोटीचा प्रवास काढून टाकला आणि चार महिन्यांनी परत घातला. मधल्या काळात काय काय घडले ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. कोणते फीचर कापायचे आणि कोणते ठेवायचे हा प्रश्न खेळ करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. बोट काढायचा निर्णय माझा होता, तेव्हा त्याचा जमाखर्चही मीच मांडायला हवा.

बोट, पाणी आणि पिशवी

खेळातले बेट कल्पनेतले आहे, पण त्याचा घाट गोव्यातल्या मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरून घेतला. दिवाडीला आजही पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि आमच्या बाजूने नार्वे अशा धक्क्यांवरून फेरीबोटीने जावे लागते. नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार केला. देवाचे मूळ स्थान मात्र पलीकडे दिवाडीवर होते. पोर्तुगीज काळात लोकांनी देव नदीपार आणला. त्या धक्क्यावर उभा राहिलो की मला हे दरवेळी आठवते. पलीकडे जाणे ही त्या पाण्यावरची फार जुनी गोष्ट आहे आणि खेळात ती आणायची हे आमचे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

म्हणून आम्ही बोट नीट केली. ती धक्क्याला लागते, लोखंडी रॅम्प खडखडत खाली येतो, आधी दुचाक्या सुटतात, मग माणसे, मग एखादी गाडी. कडेच्या बाकांवर लोक बसतात, मासळीच्या टोपल्या पायाशी. पोस्टमन सायकल स्टँडवर लावतो आणि पत्र्याखाली उभा राहतो. प्रवास ७० सेकंदांचा. बोट नुकतीच सुटली असेल तर ती परत येईपर्यंत धक्क्यावर थांबावे लागे, आणि ते थांबणे कधीकधी दीड मिनिटापर्यंत जाई. बोटीवर असताना खेळातले घड्याळ आम्ही मंद करत होतो, नाहीतर नदी ओलांडायला तासाहून जास्त वेळ लागला असे दिसले असते.

यालाच जोडून भरती-ओहोटी होती. मांडवीत समुद्राचे पाणी खूप आतपर्यंत चढते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आमच्या खेळातला एक दिवस २४ मिनिटांचा आहे, म्हणजे खेळात भरती रोज साधारण ५० सेकंद उशिरा येते. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण बेटावर एका खचलेल्या बांधावरून वाट जाते आणि भरतीला ती पाण्याखाली असते. पहिल्या दिवशी सकाळी जी वाट मोकळी मिळाली ती तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला मिळेलच असे नाही. खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेते, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेचे, म्हणजे मानशीचे, लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. हात लावायला माणूस लागत नाही. ते दार आमच्या मैत्रिणीने इतके सुंदर केले होते की मी कित्येकदा काम सोडून नुसता त्याच्याकडे बघत बसायचो.

याशिवाय गरी टाकून मासे पकडणे, घरी येऊन स्वयंपाक करणे, कपड्यांचे रंग बदलणे, संध्याकाळी देवळात भजनाला बसणे हेही होते. चौघांच्या मानाने पसारा मोठा होता.

तक्ता

डेमो बाहेर काढायची तारीख जवळ आली तेव्हा सगळे पुरे होणार नाही हे उघड दिसू लागले. ओळखीतल्या ११ जणांना आम्ही खेळ खेळायला दिला होता. त्यांच्या शेजारी बसून टिपणे घेतली आणि मी एक तक्ता केला. प्रत्येक फीचरपुढे चार रकाने : पुरे करायला लागणारे दिवस, खेळाडूने त्यात घालवलेला वेळ, किती जणांना आवडले, किती जणांनी तक्रार केली.

तक्त्यात फेरीबोट सगळ्यात वाईट निघाली. काम मोठे, कारण हलत्या डेकवर वस्तू स्थिर ठेवणे हा खेळ करणाऱ्यांचा जुना छळ आहे. आमची सायकल अधूनमधून डेकमधून आरपार नदीत पडायची. पाण्यातली प्रतिबिंबे, पाऊस आणि बोटीवरची माणसे एकदम दिसू लागली की साध्या लॅपटॉपवर चित्र अडखळे. तक्रारीही तिच्याच सगळ्यात जास्त. ‘थांबायला लागते’, ‘इथे करायचे काय?’, ‘हे पुढे ढकलता येत नाही का?’ खेळाडू बोटीवर कोणतेही बटण दाबत नाही, त्यामुळे वेळेच्या रकान्यात मी तो वेळ ‘रिकामा’ म्हणून लिहिला होता. तो शब्द अजून त्या फाइलमध्ये आहे.

मासे पकडणे मात्र वर आले. लोक गरी टाकत बसत, हसत, आणखी एक मासा म्हणत.

मनात पैशाची भीतीही होती. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. आमचा खेळ जेमतेम तीन तासांचा. पहिल्या दहा मिनिटांत माणूस धक्क्यावर ताटकळला तर तो खेळ बंद करून पैसे परत मागेल, असे मला वाटले.

म्हणून बोट काढली. धक्क्यावर गेले की पडदा काळा होई, इंजिनाचा आवाज दोन सेकंद, आणि पोस्टमन पलीकडच्या तीरावर उभा. सायकल नदीत पडायची थांबली, लॅपटॉप अडखळायचे थांबले, आणि आम्ही तिघांनी त्या रात्री समाधानाने चहा घेतला. चौथी, आमची चित्रकार मैत्रीण, गप्प होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘ठीक आहे, पण आता मानस कोणाला दिसणार?’’ बोटीतूनच ती समोरून दिसायची. मला तेव्हा वाटले की हा तिच्या कामावरचा जीव बोलतो आहे.

जागा रिकामी राहिली नाही

पुढच्या फेरीत बोटीबद्दलची तक्रार अर्थातच शून्यावर आली. त्याऐवजी तीन नव्या तक्रारी आल्या, आणि सुरुवातीला त्यांचा बोटीशी काही संबंध आहे असे आमच्या डोक्यातही आले नाही.

पहिली : पत्रे भिजतात. आधीही भिजायची, पण आता फारच. दोन दिवस आम्ही पावसाचे आकडे तपासत बसलो. मग जुन्या टिपणांत सापडले की आधी जवळजवळ प्रत्येक जण पत्रांची जुळवाजुळव बोटीवर करत असे. हात मोकळे, डोक्यावर पत्रा, समोर ७० सेकंद. पिशवी उघडायची, वाड्यांप्रमाणे पत्रे लावायची, बंद करायची. कोणी सांगितलेले नव्हते. जागाच तशी होती. बोट गेल्यावर लोक वाटेत भर पावसात पिशवी उघडू लागले.

दुसरी तक्रार : वाचायला फार आहे. आम्ही एकही ओळ वाढवली नव्हती. बोटीवरच्या बायका आपापसात बोलत असत, ‘वरच्या वाड्यावरची आजी लेकीकडे म्हापशाला गेली, घराला कुलूप आहे,’ ‘मास्तरांचा पत्ता बदलला’ वगैरे. पोस्टमनला उपयोगी माहिती त्यातून कानावर पडे. बोट गेल्यावर ही वाक्ये टाकायची कुठे? मी ती पोस्टमनच्या वहीत टाकली. वाक्य तेच, शब्द तेच. बोटीवर ते ऐकलेले असायचे, वहीत ते वाचायचे काम झाले. एका मुलाने तर वही एकदाही उघडली नाही आणि कुलूप लावलेल्या घरापुढे तीन वेळा घंटी वाजवून चिडून उठला.

तिसरी सगळ्यात कडवट होती : हा खेळ फसवतो. खचलेल्या बांधापर्यंत सायकल मारत जावे तर वाट पाण्याखाली. पूर्वी नदी ओलांडतानाच खारफुटीची मुळे उघडी आहेत की बुडालेली, चिखल किती दिसतो, हे डोळ्यांना दिसायचे. पाणी बघूनच माणूस ठरवायचा की बांधावरून जावे की लांबच्या रस्त्याने. ते बघण्याचे ठिकाणच आम्ही काढून टाकले होते. उपाय म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात भरतीचे चिन्ह बसवले, निळी पट्टी वर-खाली होणारी. तक्रार थांबली. पण त्या दिवसापासून खेळाडूंचे डोळे त्या पट्टीवर राहिले, नदीवर गेले नाहीत.

म्हणजे एक गोष्ट कापून आम्ही तीन गोष्टी वाढवल्या : पत्रे लावायची वेगळी खिडकी, वही आणि पट्टी. वाचलेले दिवस त्यातच गेले, वर आणखी थोडे. मला आता वाटते की खेळातून काही कापले की ती जागा मोकळी पडून राहत नाही. तिथे सूचना, चिन्हे, खिडक्या उगवतात, आणि त्यातली प्रत्येक खिडकी खेळाडूला आठवण करून देते की तू पडद्यासमोर बसला आहेस.

काकांचा प्रश्न

आमच्या शेजारी एक काका राहतात. फेरीबोटीवर खलाशी म्हणून आयुष्य काढून निवृत्त झाले आहेत. व्हिडिओ गेम हा प्रकार त्यांनी आमच्याकडेच पहिल्यांदा पाहिला. जुन्या आवृत्तीच्या वेळी मी त्यांना खुर्चीवर बसवले, बाणांची बटणे दाखवली. पत्रांत त्यांना काडीचा रस नव्हता. सायकल त्यांनी कुंपणात घातली. पण बोटीवर चढल्यावर त्यांनी माउस हळूहळू फिरवला, नजर खाली नेली, खारफुटीच्या मुळांपाशी थांबवली आणि स्वतःशीच म्हणाले, ‘‘सुकती लागली.’’ ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. मी घड्याळ पाहिले. खेळात ओहोटी सुरू होऊन जेमतेम अर्धे मिनिट झाले होते. त्यांनी पडद्यावरची कोणतीही सूचना वाचली नव्हती, कारण तिथे सूचना नव्हतीच.

बोट कापल्यानंतर ते परत आले. आपणहून बसले, धक्क्यावर गेले, पडदा काळा झाला आणि पोस्टमन पलीकडे. काकांनी हात उचलला.

‘‘बोट खंय गेली?’’

‘‘काढली, काका. थांबायला लोकांना कंटाळा येतो.’’

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. ‘‘मागीर हो जुंवो कसो?’’

मग हे बेट कसले, असे ते विचारत होते. त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हते.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पण आमच्यातल्या एका प्रोग्रामरने रास्त शंका काढली. ज्यांनी बोट पाहिली आहे त्यांना ती नाहीशी झाल्याची हळहळ वाटणारच. त्यावरून खेळ वाईट झाला असे सिद्ध होत नाही. काका तर जन्मभर बोटीवरच होते. त्याचे म्हणणे मला पटले. म्हणून ज्यांनी यातली कोणतीच आवृत्ती पाहिली नव्हती अशा माणसांना आम्ही बोलावले. काहींना बोटीची आवृत्ती दिली, काहींना बिनबोटीची, आणि दुसरीही एक आहे हे कोणालाच सांगितले नाही. खेळून झाल्यावर फक्त म्हटले, तीन दिवसांत काय काय झाले ते सांगा.

बिनबोटीच्या बाजूला कोणी बोटीची आठवण काढली नाही, काढणार कशी? खेळ नीट आहे, सुटसुटीत आहे, असेच म्हणाले. पण बोलताना ते म्हणत होते, ‘मग मी पलीकडच्या गावात गेलो’, ‘त्या दुसऱ्या गावात एक आजी आहे’. बोटीच्या बाजूचे लोक म्हणत होते, ‘बेटावर’. मी वही उघडून पुन्हा पुन्हा तपासले. कथेत, पत्त्यांत, नकाशात, सगळीकडे आम्ही ‘बेट’ हाच शब्द लिहिलेला आहे. दोन्ही बाजूंनी तो सारखाच वाचला होता. बोट नसलेल्यांच्या तोंडी तो आला नाही, कारण पाणी ओलांडायला लागल्याशिवाय बेट हे बेट होत नाही.

मला खेळात गुंतणे म्हणजे काय हे त्या दिवशी समजले, तोवर मी तो शब्द नुसता वापरत होतो. चित्र खरे दिसणे, पावसाचा आवाज कानाभोवती फिरणे, हे सगळे दोन्ही आवृत्त्यांत तेवढेच होते. फरक एवढाच की एका आवृत्तीत त्या जगाने माणसाला थोडे अडवले होते.

दुसऱ्यांनी काय कापले

या काळात मी बरेच जुने खेळ पुन्हा काढून पाहिले. सगळ्यात उपयोगी पडली ती बेथेस्डा या कंपनीच्या एल्डर स्क्रोल्स मालिकेतली जोडी. २००२ च्या मॉरोविंडमध्ये नकाशावरची जागा निवडून थेट तिथे उडी मारता येत नाही. गावोगाव जाणारे प्रचंड किडे आहेत, होड्या आहेत, जादूगारांच्या संघाचे लोक आहेत. कोण कुठून कुठे नेतो हे लक्षात ठेवावे लागते. कामाचा पत्ताही माणसासारखा सांगतात, अमुक पुलानंतर डावीकडे वळा असा. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये नकाशावरच्या मोठ्या शहरांत पहिल्यापासून थेट जाता येते आणि होकायंत्रावर खूण दिसते. हवेत तरंगायची जादूही गेली, कारण शहरे तटबंदीच्या आत स्वतंत्रपणे लोड होतात आणि वरून उडत आत शिरणे त्या रचनेत बसत नाही. ऑब्लिव्हियन वाईट खेळ नाही, मी त्यात कितीतरी रात्री घालवल्या आहेत. ‘नको असेल तर उडी मारू नका’ असेही त्यावर म्हणता येते. पण खेळाडू उडी मारतो हे गृहीत धरले की काम देणारा त्याला या टोकावरून त्या टोकाला पिटाळतो, आणि पत्ता तोंडी सांगायची गरज उरत नाही. मग पायी जायचे ठरवले तरी वाटेवर आपल्यासाठी ठेवलेले फारसे काही नसते.

टिकाऊ ओढीच्या बाबतीत द सिम्स ४ या माणसांचे घर-संसार चालवायच्या खेळाचे उदाहरण ठळक आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये हा खेळ आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि बाळ व शाळकरी मूल यांच्या मधले वय, म्हणजे रांगते-चालते मूल, नव्हते. आधीच्या दोन भागांत ते होते. तलाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आले, मुले मात्र जानेवारी २०१७ मध्ये. तलाव नसणे हे एक वस्तू नसणे होते. मधले वय नसणे वेगळे, कारण हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालवण्यासाठीच लोक घेतात. पाळण्यातले बाळ एकदम दप्तर घेऊन शाळेला निघाले की घराण्याच्या गोष्टीतला एक सांधा निखळतो. दोन्ही गोष्टी यादीत एकाखाली एक, एकाच वजनाच्या दिसतात.

उलट बाजूही आहे, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाची ख्याती वजाबाकीसाठीच आहे. २००५ च्या शॅडो ऑफ द कोलॉससमध्ये सुरुवातीच्या विचारात ४८ महाकाय प्राणी होते, ते घटत १६ वर आले. वाटेत मारायला किरकोळ शत्रू नाहीत, गावे नाहीत, दुकाने नाहीत. पण घोड्यावरून त्या ओसाड माळातून लांबच लांब जाणे त्याने ठेवले. माझ्या तक्त्यात ते जाणे ‘रिकामा वेळ’ म्हणून आले असते आणि सगळ्यात आधी कापले गेले असते. त्या स्वाऱ्यांमुळेच प्रत्येक प्राण्यासमोर आपण लहान होऊन पोहोचतो आणि तो पडल्यावर मनात काही तरी हलते.

म्हणून मी कापण्याच्या विरोधात नाही. आम्हीही पुढे भरपूर कापले. मासे पकडणे गेले. तक्त्यात वर आलेले हे फीचर काढले तेव्हा मला वाटले होते ओरड होईल. एकानेही विचारले नाही. गरी टाकण्यात मजा होती, पण त्या माशाचा पत्रांशी, पाण्याशी, माणसांशी काही संबंध नव्हता. त्याच्यावर काही टांगलेले नव्हते, म्हणून ते निघाल्यावर काही खाली पडले नाही. स्वयंपाक गेला, कपड्यांचे रंग गेले. खेळ हलका झाला आणि चांगला झाला.

परत घालताना

बोट परत आणायची ठरल्यावर जुन्या तक्रारी खोट्या होत्या असे आम्ही मानले नाही. लोक धक्क्यावर खरोखरच कंटाळत होते, आणि त्याला कारण होते. पहिल्यांदा धक्क्यावर येणाऱ्याच्या पिशवीत लावण्याजोगी पत्रे नसत, बोटीवरच्या कोणाला तो ओळखत नसे, भरतीचे महत्त्व त्याला कळलेले नसे. मग पाण्याकडे बघून त्याला दिसणार काय? आता पहिल्या वेळी बोट धक्क्याला लागलेलीच असते आणि पिशवीत सहा पत्रे असतात. प्रवास ७० वरून ५२ सेकंदांवर आणला, थांबणे जास्तीत जास्त ४० सेकंद. प्रतिबिंबे साधी केली, मुसळधार पावसात तर ती बंदच होतात आणि कोणाला कळतही नाही. सायकलीचा प्रश्न असा सुटला की ती डेकवर चढली की डेकचाच भाग होते, वेगळी वस्तू राहत नाही. आधी हे का सुचले नाही, याची मला अजून हळहळ वाटते. पत्रांची खिडकी गेली, वही गेली, निळी पट्टी गेली.

पाचव्या प्रवासानंतर ‘पलीकडे’ असे एक बटण येते. घाई असेल त्याने ते दाबावे. ते ठेवावे की नाही यावर आमच्यात भांडण झाले. मी नको म्हणत होतो, वर सांगितलेल्या ऑब्लिव्हियनच्या कारणासाठी. शेवटी अट अशी घातली की बटण असले तरी बोटीवरची बोलणी फक्त बोटीवरच ऐकू येतील, त्यांची नक्कल आणखी कुठे ठेवायची नाही. बटण दाबणारे दाबतात. भरतीची वेळ साधायची असली की तेच लोक बोटीतून जातात.

टिकण्याबद्दल एकच निरीक्षण सांगतो, कारण तेवढेच माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. माझी भाची पणजीला कॉलेजात आहे. तिच्या लॅपटॉपवर तिन्ही आवृत्त्या एकेक करून होत्या. पहिली तिने पुरी केली आणि नंतरही उघडत राहिली. अभ्यास करून डोके शिणले की बोटीत चढते, पलीकडे जाते आणि त्याच बोटीने परत येते, पत्र एकही न देता, असे ती म्हणाली. बिनबोटीची आवृत्ती तिने एका बैठकीत संपवली, ‘‘मामा, छान आहे,’’ म्हणाली आणि परत उघडली नाही. तेव्हा मी तो ‘छान’ शब्द खिशात टाकून खूश होऊन घरी आलो होतो. तिसरी आवृत्ती दिली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा मेसेज आला : तिसऱ्या दिवशी बांधाची वाट दुपारी मोकळी असते, सकाळी नाही, हे तिने तीनदा खेळून शोधले होते, आणि आता ती सगळ्यात कमी पत्रे भिजवून खेळ संपवायचा प्रयत्न करत होती. ५० सेकंदांची ती सरकती भरती पहिल्या दिवसापासून खेळात होती. बोट नसतानाही होती. बघायला जागा मिळाल्यावर तिला ती सापडली.

भजन अजून परत आलेले नाही. बोटीसारखेच त्यालाही बटण दाबायला काही नाही, आणि त्याच्यावर काय काय टांगलेले आहे हे आम्ही नीट तपासलेले नाही. या खेपेला तक्ता करण्याआधी चौघांनी संध्याकाळी देवळात जाऊन बसायचे ठरले आहे.

काकांना बोट परत आल्याचे सांगितले तेव्हा ते चप्पल घालून लगेच वर आले. पलीकडे जाऊन परत येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग पडद्यावरच्या रॅम्पकडे हात दाखवून म्हणाले की हा फार लवकर पडतो, बोट धक्क्याला टेकायच्या आधी रॅम्प सोडला तर पुढची स्कूटर पाण्यात जाईल. आम्ही मोजून पाहिले. रॅम्प दीड सेकंद आधी सुटत होता. तो दुरुस्त केला.